वटवाघळाचं पोट आणि एका शास्त्रज्ञाची घाई

मुंबई-अहमदाबाद हायवेवरून तुम्ही कधी ना कधी गेला असालच. मुंबईहून येताना चारोटी नाक्याला डावीकडे वळलं की डहाणू, उजवीकडे वळलं की कासा आणि पुढे जव्हार. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला येणाऱ्यांना तर हा नाका तोंडपाठ असतो. पुढच्या वेळी इथे चहाला थांबलात की मोबाइल जरा खिशात ठेवा आणि आजूबाजूला कोण काय खातंय तेवढंच बघा. गाय निवांत बसून रवंथ करतेय. शेळी कुंपणावर पुढचे पाय टाकून पाला ओरबाडतेय. कोंबड्या उकिरडा उकरतायत. अंधार पडला की डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांवर मोठाली वटवाघळं उतरतील आणि पिकलेली फळं फस्त करतील. आणि तुम्ही? तुमच्या हातात वडापाव आहे.

पाच प्राणी, पाच पोटं. प्रत्येक पोटात डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंची वस्ती आहे. पण ती सगळीकडे सारखी नाही. गाईच्या पोटातली वस्ती गजबजलेली, वटवाघळाच्या पोटातली विरळ. हवा तीच, पाणी तेच, गाव तेच. मग हा फरक का? कोणाच्या पोटात कोण राहणार, हे ठरवतं कोण?

हा प्रश्न आज जगभरातल्या लॅबमध्ये विचारला जातो. पण शंभरेक वर्षांपूर्वी तो ज्यांनी सगळ्यात जोरात विचारला, त्यांनी त्यासाठी थेट पॅरिसमध्ये हिंदुस्थानातली फळखाऊ वटवाघळं मिळवली होती. त्यांचं नाव इल्या मेचनिकॉफ. बायोलॉजीच्या पुस्तकात हे नाव तुम्ही वाचलं असेल, पांढऱ्या पेशींच्या धड्यात, नोबेलच्या यादीत. पण त्यांच्या आयुष्याचा दुसरा अर्धा भाग पुस्तकात सहसा येत नाही. त्यात त्यांनी एक प्रश्न अचूक विचारला आणि त्याचं उत्तर द्यायची भलतीच घाई केली. दोन्ही गोष्टी समजून घेण्यासारख्या आहेत.

चार वर्षांची डिग्री दोन वर्षांत

इल्याचा जन्म 1845 सालच्या मे महिन्यातला, खार्कोवजवळच्या एका खेड्यातला. तेव्हा तो भाग रशियन साम्राज्यात होता, आज युक्रेनमध्ये आहे. पाच भावंडांत हा शेंडेफळ. पोरगा एका जागी बसायचा नाही, पण किडे, झाडं, दगड यांच्या मागे लागला की तहानभूक विसरायचा. खार्कोव विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत उरकला. तेव्हा वय होतं एकोणीस. मग जर्मनी, मग इटलीतलं नेपल्स. समुद्रातले बारीक जीव मायक्रोस्कोपखाली धरायचे आणि त्यांची वाढ कशी होते ते बघायचं, हेच काम.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मेचनिकॉफ डॉक्टर नव्हते. ते प्राणिशास्त्रज्ञ होते. डॉक्टर माणसाकडे बघतो. प्राणिशास्त्रज्ञ माणसाकडे बघताना त्याच्या शेजारी मासा, बेडूक, पोपट आणि घोडा उभा करतो आणि विचारतो, यांच्यात सारखं काय, वेगळं काय? ही सवय त्यांना आयुष्यभर पुरली.

वयाच्या पंचविसाव्या वर्षी ते ओडेसाला प्राध्यापक झाले. नोकरी मिळाली, नाव होऊ लागलं. घरात मात्र काळोख होता. 1869 साली त्यांनी ल्युडमिलाशी लग्न केलं, तेव्हाच तिला क्षय झालेला होता. लग्नाच्या दिवशी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं, इतकी ती अशक्त होती. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. हवापालट, विश्रांती, आणखी हवापालट. चार वर्षं ते तिला घेऊन फिरले. 1873 साली मदेरा बेटावर ती गेली.

मेचनिकॉफ पार कोलमडले. त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवायचा प्रयत्नही केला, पण ते वाचले. त्या दिवसांतली एक आठवण त्यांच्या दुसऱ्या पत्नीने, ओल्गाने, लिहिलेल्या चरित्रात आहे. जिनिव्हातल्या एका पुलावर दिव्याभोवती किडे घिरट्या घालत होते. ते बघता बघता मेचनिकॉफ यांच्या मनात आलं, इतकं थोडं जगणाऱ्या या जीवांना निसर्गाची निवड लागू होते तरी कशी? एक प्रश्न पडला आणि माणूस हळूहळू कामाकडे परतला.

गुलाबाचा काटा

1881 साली झारची हत्या झाली. रशियातलं वातावरण गढुळलं, विद्यापीठातही राजकारण शिरलं. दुसऱ्या वर्षी मेचनिकॉफ यांनी ओडेसातल्या नोकरीचा राजीनामा दिला आणि ओल्गा व तिच्या लहान भावंडांसह ते इटलीत सिसिली बेटावरच्या मेसिनाला गेले. घरातच मायक्रोस्कोप मांडला, झाली लॅब.

नाताळचे दिवस होते. घरचे सगळे सर्कशीला गेले होते आणि मेचनिकॉफ एकटेच तारामाशाच्या पारदर्शक अळ्या न्याहाळत होते. अळीच्या आत काही पेशी इकडेतिकडे फिरताना दिसायच्या. त्यांना वाटलं, या पेशी शरीराच्या पहारेकरी तर नसतील? तसं असेल तर अळीच्या अंगात कुसळ घुसवलं की त्या तिथे धावून यायला हव्यात. बागेतल्या गुलाबाचे काटे आणले, अळ्यांमध्ये खुपसले. रात्रभर त्यांना झोप लागली नाही. सकाळी बघतात तर काट्याभोवती पेशींची गर्दी झालेली!

बाहेरून आलेल्या जंतूला गिळून टाकणाऱ्या या भक्षक पेशी. आज आपण प्रतिकारशक्ती हा शब्द सहज वापरतो, त्याचा एक मोठा पाया त्या सकाळी घातला गेला. याच कामासाठी 1908 साली त्यांना पॉल एर्लिक यांच्यासोबत नोबेल मिळालं. यातही प्राणिशास्त्रज्ञाची तीच सवय दिसते. माणसाचं रक्त कसं लढतं, हे कळायला त्यांनी आधी तारामाशाची अळी बघितली. मग पाणपिसू. मग ससा. मग माणूस.

ओडेसा, पॅरिस आणि आपली मुंबई

1886 साली ओडेसात लस तयार करणारी संस्था निघाली आणि मेचनिकॉफ तिचे प्रमुख झाले. पण डॉक्टर नसलेला माणूस डॉक्टरांना सांगणार? स्थानिक डॉक्टर, अधिकारी, वर्तमानपत्रं सगळ्यांनी त्यांना बेजार केलं. शेवटी ते पॅरिसला लुई पाश्चर यांना भेटले. पाश्चर यांनी आपल्या नव्या इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना लॅब दिली. 1888 साली मेचनिकॉफ तिथे गेले ते कायमचेच.

ओडेसातल्या त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक जण त्यांच्या मागोमाग पॅरिसला आला. जागा रिकामी नव्हती म्हणून लायब्ररीत मदतनीस झाला आणि उरलेल्या वेळात संशोधन करू लागला. हा वाल्देमार हाफकिन. हो, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधले हाफकिन! 1892 साली त्यांनी कॉलऱ्याची लस बनवून आधी स्वतःला टोचली, 1893 साली ते हिंदुस्थानात आले. 1896 साली मुंबईत प्लेगने थैमान घातलं तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आवारात तुटपुंज्या साधनांवर त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी तीही आधी स्वतःवरच आजमावली. मुंबईतल्या आणि आसपासच्या आपल्या पणजोबा-खापरपणजोबांना प्लेगपासून वाचवणारी लस ज्यांनी केली, ते मेचनिकॉफ यांच्या हाताखाली घडले होते.

कॉलरा प्यायलेला माणूस

हाफकिन लस टोचून घेत होते त्याच सुमाराला, 1892 साली, फ्रान्समध्ये कॉलरा आला होता. मेचनिकॉफ यांना एक कोडं सुटत नव्हतं. एकाच गावात, एकाच विहिरीचं पाणी पिणाऱ्यांपैकी काही जण पटकीने दगावतात, काहींना साधं पोटही दुखत नाही. असं का?

त्यांनी कॉलऱ्याचे जंतू असलेलं पाणी चक्क प्यायलं. काही झालं नाही. लॅबमधल्या एका सहकाऱ्याने प्यायलं, त्यालाही काही झालं नाही. आणखी एकाने प्यायलं आणि तो मरता मरता वाचला. आज असा प्रयोग कुठलीही नैतिकता समिती दारातून आत येऊ देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पण त्या तरुणाच्या आजारपणाने हादरलेल्या मेचनिकॉफ यांनी पुढे जे केलं, ते महत्त्वाचं ठरलं. पोटातून मिळवलेले वेगवेगळे जंतू त्यांनी एकाच काचेच्या बशीत कॉलऱ्याच्या जंतूंशेजारी वाढवून पाहिले. काही जंतूंच्या शेजारी कॉलरा जोमाने फोफावला. काहींच्या शेजारी तो वाढेचना.

म्हणजे रोगाचा जंतू पोटात शिरला एवढ्याने काही ठरत नाही. तिथे आधीपासून कोण राहतंय, त्याच्यावर पुढचं ठरतं. विरार लोकल आठवा. डबा आधीच खचाखच भरलेला असेल तर बोरिवलीला चढणाऱ्याला पाय ठेवायला जागा मिळत नाही. आणि रिकामा डबा असेल तर कोणीही येऊन ऐसपैस बसतं. जंगलात, तळ्यात, शेतात जे नियम चालतात तेच पोटातही चालतात. जागेसाठी मारामारी, खाण्यासाठी स्पर्धा, कधी एकमेकांना मदत, आणि आधी येणाऱ्याचा फायदा. याला आज आपण इकॉलॉजी म्हणतो. मेचनिकॉफ यांनी तो शब्द तिथे वापरला नसेल, पण पोट ही एक राहण्याची जागा आहे आणि तिथे शेजारपाजार असतो, हे त्यांनी बशीत दाखवून दिलं.

ओढा आणि तळं

आता वटवाघळाकडे येऊ.

पन्नाशी ओलांडल्यावर मेचनिकॉफ यांना एका विचाराने पछाडलं. आपण म्हातारे का होतो? आणि काही प्राणी आपल्या आकाराच्या मानाने एवढे जास्त का जगतात? त्यांनी पुन्हा तीच जुनी युक्ती वापरली, सगळ्या प्राण्यांना एका रांगेत उभं केलं. पोपट कित्येक दशकं जगतो. त्याच्याहून मोठा ससा काही वर्षांत संपतो. फरक कुठे? त्यांनी आतडी उघडून बघितली. उडणाऱ्या बहुतेक पक्ष्यांचं मोठं आतडं अगदी आखूड असतं. सशाचं, घोड्याचं पोट मात्र मागच्या बाजूला फुगलेलं, तिथे अन्न तासन् तास पडून राहतं आणि जंतू बुजबुजतात. शहामृग पक्षीच, पण तो उडत नाही, धावतो. त्याच्या पोटात मोठाल्या आंधळ्या पिशव्या आणि त्यांत जंतूंची गर्दी.

मग त्यांना वाटलं, उडणारा पण पक्षी नसलेला प्राणी बघायला हवा. असा प्राणी एकच, वटवाघूळ. ते तर आपल्यासारखं सस्तन, पिलाला दूध पाजणारं. त्यांनी हिंदुस्थानातली मोठी फळखाऊ वटवाघळं मिळवली. आपल्याकडे वडा-पिंपळावर दिवसभर उलटी लटकलेली दिसतात ना, तीच जात. त्यांना फळं खायला घालून लॅबमध्ये तपासलं. खाल्लेलं फळ फार थोड्या वेळात बाहेर पडत होतं आणि आतड्यात जंतू अगदीच कमी सापडले. 1909 साली सहकाऱ्यांसोबत त्यांनी हे संशोधन छापलं.

असं का होत असेल, हे कळायला पावसाळ्यात चारोटीच्या आसपासच्या एखाद्या ओढ्यावर जा. धो धो वाहणाऱ्या पाण्यात खडक स्वच्छ धुतलेले असतात. शेवाळ धरायला सवडच मिळत नाही, धरण्याआधी वाहून जातं. थोडं बाजूला जिथे पाणी साचून डबकं झालंय, तिथे मात्र हिरवा थर, किडे, बेडूक, सगळा संसार. वटवाघळाचं आतडं म्हणजे ओढा. गाईचं पोट म्हणजे तळं. जंतू दुप्पट व्हायच्या आत अन्नच पुढे सरकलं, तर वस्ती बसणार कशी?

आणि वटवाघळाला ओढाच परवडतो. हवेत उडायचं तर पोटात ओझं नको. चिकू, उंबर, पेरू यांतली साखर लगेच अंगी लागते, ती शोषायला जंतूंची मदत लागत नाही. रस घ्यायचा, चोथा आणि बिया टाकायच्या. वड-उंबराच्या बिया वाटेत पडत जातात आणि नवी झाडं उगवतात, तो जंगलाचा फायदा.

गाईचं गणित उलटं. सुक्या गवतात ऊर्जा भरपूर, पण ती कुलूपबंद. ते कुलूप उघडायची किल्ली गाईकडे नाही, जंतूंकडे आहे. म्हणून गाईने पोटाचा पहिला कप्पा म्हणजे जंतूंसाठी भलामोठा हौदच करून ठेवलाय. तिथे हवा नाही, ऊब आहे, ओल आहे आणि गवताचा पुरवठा चालू. जंतू गवत आंबवतात, त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर गाय जगते. खाण्याचा प्रकार, पोटाची घडण, अन्न किती वेळ थांबतं, आत हवा किती, आईकडून आणि कळपातून कोणते जंतू मिळाले, आधी कोणी बस्तान बसवलं, या सगळ्यांतून ठरतं, कोणाच्या पोटात कोण राहणार.

आणि इथे घाई झाली

इथवर मेचनिकॉफ यांचं निरीक्षण पक्कं होतं. पण त्यांनी पुढची उडी मारली. उडणारे प्राणी जास्त जगतात. उडणाऱ्यांच्या पोटात जंतू कमी. म्हणून, पोटातले जंतूच आपल्याला म्हातारं करतात. मोठं आतडं ही निसर्गाची चूक. पूर्वजांना शिकारीच्या किंवा पळापळीच्या वेळी थांबावं लागू नये म्हणून ही साठवणीची खोली बांधली गेली, आता ती सडक्या मालाचं गोदाम झालीय, तिथून विष रक्तात झिरपतं, असा त्यांचा सिद्धांत होता.

या उडीत काय चुकलं ते तुमच्या लक्षात आलं असेल. दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही. वटवाघूळ आणि पोपट यांच्यात जंतू कमी असण्याखेरीज आणखी शंभर गोष्टी सारख्या असतात. उडता येणाऱ्याला शिकारी सहज पकडू शकत नाही, ही त्यातली एक साधी गोष्ट. आणि ज्या गाईच्या पोटात जंतूंचा महासागर आहे, ती त्याच जंतूंच्या जिवावर जगते, हे तर समोरच होतं.

मग उपाय काय? 1904 साली पॅरिसमधल्या एका जाहीर व्याख्यानात म्हातारपणाबद्दल बोलताना त्यांनी बल्गेरियातल्या दीर्घायुषी शेतकऱ्यांचा आणि त्यांच्या आंबट दह्याचा उल्लेख केला. दह्यातले जंतू आम्ल तयार करतात, आम्लात सडवणारे जंतू वाढत नाहीत, म्हणजे दही खाल्लं की आतडं शुद्ध. व्याख्यानात त्यांनी सावध शब्द वापरले होते. पण दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांनी जो सुकाळ केला! दही म्हणजे अमृत, म्हातारपणावर जालीम इलाज. औषधाच्या दुकानांत दह्याच्या जंतूंच्या गोळ्या विकायला आल्या. त्यांचं नाव पाकिटांवर झळकलं. 1907 सालच्या त्यांच्या दीर्घायुष्यावरच्या पुस्तकाने त्यात भरच घातली. तिकडे लंडनमध्ये आर्बथनॉट लेन नावाचा नामांकित सर्जन याच विचारांच्या लाटेत बद्धकोष्ठाच्या पेशंटांची मोठी आतडी कापून काढत होता. त्यांतले काही टेबलावरून उठलेच नाहीत. एका शास्त्रज्ञाचा अंदाज दुसऱ्याच्या हातात सुरी होऊन जातो, तो असा.

आपल्याकडे कोणी हसेल, दह्याचं कौतुक आम्हाला काय सांगता? विरजण लावणं, ताक घुसळणं, नाचणीची आंबील हे घरोघरचं. ते खाणं चांगलंच आहे, पचतं, अंगी लागतं. प्रश्न तो नाही. प्रश्न असा, की वाटीतला जंतू पोटात जाऊन घर करतो का? मेचनिकॉफ यांच्या पश्चात, 1921 साली अमेरिकेत येल विद्यापीठात हे तपासलं गेलं. बल्गेरियन दह्यातला तो जंतू माणसाच्या आतड्यात मुक्कामच करत नव्हता. येतो, जातो. का, ते मेचनिकॉफ यांनीच आधी बशीत दाखवलं होतं. डबा भरलेला असतो, नव्या पाहुण्याला जागा मिळत नाही! स्वतःच शोधलेला नियम त्यांनी स्वतःच्या लाडक्या दह्याला लावून बघितला नाही.

त्यांच्याच इन्स्टिट्यूटमध्ये आणखी एक प्रयोग चालला होता. 1912 साली मिशेल कोहेंडी यांनी कोंबडीची पिल्लं एकही जंतू आत जाणार नाही अशा काचेच्या घरात वाढवली. काही आठवडे ती चांगली वाढली. म्हणजे जंतूंशिवाय जगणं अशक्य, हे पाश्चर यांचं मत चुकीचं निघालं. पण जंतूंशिवाय जास्त जगता येतं, हे मेचनिकॉफ यांचं मतही त्यातून सिद्ध होत नव्हतं. गाईला तसं काचघरात ठेवलं आणि गवतच घातलं, तर ती उपाशी मरेल. एका प्राण्याचं उत्तर दुसऱ्याला जसंच्या तसं लागू होत नाही.

शंभर वर्षांनी

मग मेचनिकॉफ यांचं ते रांगेत उभं करणं फुकट गेलं का? अजिबात नाही.

2008 साली शास्त्रज्ञांनी साठ जातींच्या सस्तन प्राण्यांच्या विष्ठेतले जंतू डीएनएवरून तपासले. ढोबळमानाने मांसाहारी, सर्वाहारी आणि शाकाहारी असे गट पडले. खाणं बोलतं, हे स्पष्ट झालं. पण घराणंही बोलतं. बांबूवर जगणाऱ्या पांडाच्या पोटातले जंतू गाईसारखे नव्हते, त्याच्या अस्वल भाऊबंदांच्या जवळचे होते. ताटात बांबू, पोट मात्र वाडवडिलांचं.

2020 साली जवळपास 900 जातींच्या पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांची तुलना झाली. तेव्हा एक गंमत दिसली. वटवाघळांच्या पोटातले जंतू इतर सस्तन प्राण्यांपेक्षा पक्ष्यांच्या जंतूंशी जास्त मिळतेजुळते निघाले. उडण्यासाठी हलकं शरीर, आखूड आतडं, झटपट पचन, आणि त्यामुळे जंतूंशी सैल नातं. मेचनिकॉफ यांनी वटवाघूळ आणि पक्षी यांना एका ओळीत बसवलं होतं, ते बरोबर होतं! चुकलं होतं ते त्यातून काढलेलं आयुर्मानाचं गणित.

हे काम आपल्या दारातही चालतं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी भारतीयांच्या आतड्यांतले जंतू तपासले, तेव्हा प्रिव्होटेला नावाचा गट आपल्यात ठळक दिसला. धान्य, डाळी, भाजीपाला यांतल्या चोथ्यावर जगणाऱ्या लोकांमध्ये हा गट अनेक देशांत जास्त आढळतो. म्हणजे परदेशी माणसाच्या पोटाच्या नकाशावर बेतलेलं एखादं महागडं प्रोबायोटिक आपल्या पोटात तसंच चालेल, याची खात्री कोणी देऊ नये. आणि ज्या मोठ्या आतड्याला मेचनिकॉफ गोदाम म्हणत होते, तिथेच हा चोथा आंबवून जंतू जी आम्लं तयार करतात, त्यांवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. गोदामात कारखाना निघाला.

उद्या तुमच्या फोनवर एखादी रील येईल. अमुक प्या, पोट डिटॉक्स होईल, दहा वर्षांनी तरुण दिसाल. तेव्हा मेचनिकॉफ आठवा. प्रयोग कोणावर झाला, उंदरावर की माणसावर? तो जंतू आत टिकतो की नुसता फिरून येतो? आणि सांगणाऱ्याला काय विकायचंय? मेचनिकॉफ यांना स्वतःला काही विकायचं नव्हतं, ते प्रामाणिक होते. तरी फसले. मग बाकीच्यांचं काय!

शेवटचा प्रयोग

एवढा मोठा माणूस घाईत का पडला? मला वाटतं, उत्तर मदेरा बेटावर आहे. विशी-तिशीतल्या बायकोला चार वर्षं तिळतिळ विझताना बघितलेल्या माणसाला मृत्यू हा निसर्गनियम म्हणून मान्य करणं जड गेलं असावं. माणसाने पुरेपूर जगावं, थकून, तृप्त होऊन झोपावं तसं जावं, असं त्यांचं स्वप्न होतं. ज्याचं इतकं मोठं दुखलंय त्याला इलाज लवकर हवा असतो. तुमच्यापैकी अनेकांनी घरात असं काही बघितलं असेल, तर ही घाई तुम्हाला परकी वाटणार नाही.

ते रोज आंबट दूध घेत राहिले, कच्चं खाणं टाळत राहिले. पण पहिल्या महायुद्धाने लॅब ओस पडली, तरुण सहकारी आघाडीवर गेले. मेचनिकॉफ यांचं हृदय थकत चाललं होतं. आजारपणातही ते स्वतःच्या लक्षणांच्या नोंदी ठेवत होते, दुसऱ्या कोणाच्या ठेवाव्यात तशा. शेवट जवळ आल्याचं कळलं तेव्हा त्यांनी सालिम्बेनी या डॉक्टर मित्राला एक विनंती केली. माझं शवविच्छेदन तूच कर, आणि आतडी नीट बघ, तिथे काहीतरी असेल, अशा अर्थाची.

15 जुलै 1916 रोजी ते गेले. वय 71. शंभर-दीडशे वर्षांचं आयुष्य काही लाभलं नाही. त्यांची रक्षा पाश्चर इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत ठेवली आहे. आपलं उत्तर बरोबर असेल याची त्यांना आशा होती. पण ते तपासायला त्यांनी स्वतःचं शरीर पुढे केलं, आणि तपासणारा मित्र निवडून ठेवला. शेवटच्या क्षणी का होईना, घाई बाजूला ठेवून ते पुन्हा प्राणिशास्त्रज्ञ झाले होते. या वेळी रांगेत उभा केलेला प्राणी ते स्वतः होते.